तबला मरतो तो माइकमुळे

डिजिटल मिक्सरवर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर) तबला निर्जीव वाटतो, म्हणून अभंगाच्या ग्रुपने १६ चॅनलचा (म्हणजे १६ माइक जोडता येणारा) अ‍ॅनालॉगच घ्यावा, हा एकाने दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. ठाण्यात बारा वर्षं साउंड करतोय. तबला मरतो तो माइक चुकीच्या जागी लावल्यामुळे. डग्ग्याचा माइक चार बोटं इकडे-तिकडे सरकवून ऐका, घुमारा लगेच बदलतो.

राहिला डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो हा आक्षेप. त्यात आवाज आत जाऊन बाहेर यायला साधारण १ ते २ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हवेतून आवाज जेमतेम ३५ ते ७० सेंटिमीटर जातो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी ठेवलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटरही, त्याच्या कानापासून याहून लांब असतो!

दिवाळी पहाटेला तर मला डिजिटलच हवा. आदल्या रात्री तालीम करून प्रत्येक गायकाचा सीन, म्हणजे मिक्सरची सगळी सेटिंग, सेव्ह करायचा, पहाटे एक बटण दाबलं की हार्मोनियमचा इक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल), मॉनिटरच्या लेव्हल सगळं जागेवर. अ‍ॅनालॉगवर हे मी वहीत काढून ठेवायचो, तरी दोन-तीन नॉब राहून जायचेच.

पण डिजिटलसोबत यूपीएस घ्याच. कोपरीच्या एका मैदानावर भैरवी रंगात आलेली असताना जनरेटर बंद पडला. वीज लगेच आली, मिक्सर मात्र मिनिटभर चालू होत राहिला आणि गायिका बाई माइकशिवाय गात राहिल्या. तो मिनिट मी विसरलेलो नाही.

सोसायटीच्या हॉलमधल्या चार माइकच्या बैठकीला मात्र मी आजही छोटा अ‍ॅनालॉगच नेतो.