विषय: ९,४०० डॉलरची पाण्याची सिस्टीम, उद्या ८ वाजता माणसं येतायत

मृणाल, गिल्बर्ट, ॲरिझोना (शुक्रवार, रात्री ९:४०)

मंडळी, घाईत लिहितेय. काल संध्याकाळी तो पाण्यावाला येऊन गेला. दुकानाच्या दारात मी 'मोफत तपासणी'चा फॉर्म भरला होता, तोच. ओट्यावर त्याने चार ग्लास मांडले. मीटर बुडवला, ६४० आला. थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. मग दोन दांड्यांचं यंत्र घातलं आणि मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ धरला. शेजारच्या त्याच्या पाण्यात काहीच नाही. आई तिथेच बसली होती. "हे आपण सान्वीला पाजतो?" म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. मी सही केली.

अख्ख्या घराची सॉफ्टनरची सिस्टीम (जड पाणी मऊ करणारी) ९,४०० डॉलर. महिन्याला १२९, १० वर्षं. माझ्या लेकीचा, सान्वीचा एक्झिमा (त्वचेचा खाजेचा आजार) कमी होईल असंही तो म्हणाला. बाबांना बीपी आहे, त्यांना हे पाणी चालेल का? अमित कॉलवर आहे, फोन लागत नाही. घेऊ की नको, आज रात्रीच सांगा.

सुहासकाका, चँडलर (९:५८)

मृणाल, १२९ गुणिले १२० म्हणजे १५,४८० होतात. उद्या त्या माणसांना दारातूनच परत पाठव. एकदा पाइप कापला की वाद वाढतात. घरी बसून केलेला सौदा तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, तसा फेडरल नियम आहे. फॉर्म भरून तूच त्याला बोलावलं होतंस, तरीही लागू होतो. बाकी सकाळी बोलू.

केदार, पिओरिया (१०:१५)

काका बरोबर. गुरुवारी सही म्हणजे शुक्रवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन. मंगळवार रात्रीपर्यंत वेळ आहे, घाबरू नकोस.

सुहासकाका (१०:२१)

> मंगळवार रात्रीपर्यंत वेळ आहे

केदार, नाही. या नियमात शनिवार धरतात. फक्त रविवार आणि फेडरल सुट्ट्या सोडतात. शुक्रवार एक, शनिवार दोन, सोमवार तीन. सोमवारी मध्यरात्री मुदत संपते. कृपया कोणी मंगळवार सांगू नका. घराच्या वेळी असाच एक दिवस मोजायला चुकून आमचे पैसे अडकले होते.

केदार (१०:३३)

बँकेत शनिवार धरत नाहीत म्हणून लिहिलं. मी सात वर्षं कर्जविभागात आहे, अगदीच हवेत बोललो नव्हतो. पण काकांनी नियम वाचला असेल तर तेच धरा.

वैशाली, टेंपी (११:५०)

मृणाल, आत्ता शिफ्टवरून आले. मी एका शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. आईंनाही वाचून दाखव.

तपकिरी गाळ तुमच्या पाण्यातला नाही, तो त्या दांड्यांचा आहे. लोखंडी दांड्यांतून वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज दिसतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. त्याच्या आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून ते स्वच्छ राहिलं. त्यातच चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तस्संच झालं असतं. आईंना सांग, सान्वीला तुम्ही घाण पाजलेली नाही.

पिवळे थेंब क्लोरीनचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम ठेवतात, वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून. कायद्याने लिटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. वास आवडत नसेल तर कोळशाचा साधा फिल्टर पुरतो.

मीटरवरचे ६४० म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. कोलोरॅडो, सॉल्ट आणि व्हर्डे या नद्यांचं पाणी वाळवंटातून येतं, ते असंच असणार. ५०० चा जो आकडा दाखवतात तो चवीसाठी सुचवलेला आहे, विषारीपणाची मर्यादा नव्हे. आणि सॉफ्टनर लावल्यावरही तो मीटर जवळपास तेवढंच दाखवेल! सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. क्षार बदलतात, कमी होत नाहीत. ते कमी करतो तो सिंकखालचा आरओ.

आपल्याकडे पाणी खरोखर जड आहे, साधारण १२ ते १७ ग्रेन (गॅलनमागे जडपणा मोजायचं माप). नळावर पांढरे थर, काचेवर डाग, हीटरच्या तळाशी साका, हे सगळं त्याचंच. त्यावर सॉफ्टनर चांगलं काम करतो. पण फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांच्यासाठी तो नाही. पिण्याच्या पाण्याची काळजी असेल तर शहराचा वार्षिक अहवाल बघ, दर वर्षी १ जुलैपर्यंत निघतो.

बाबांचं: १५ ग्रेनच्या पाण्याला सॉफ्टनर लावला की लिटरमागे सुमारे ११८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात जवळजवळ ३०. लोणच्याच्या फोडीपुढे हे काहीच नाही, पण डॉक्टरांनी मीठ मोजून द्यायला सांगितलं असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला आरओचंच वापरा, तो सोडियमही काढतो. सॉफ्टनर चालायला त्यात मीठ घालावं लागतं; त्याऐवजी पोटॅशियमच्या पिशव्या मिळतात, पण किडनीचा त्रास असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

सान्वीचं: इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर नीट अभ्यास झाला, निकाल २०११ मध्ये आले. घरात सॉफ्टनर बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांच्या एक्झिम्यात फरक पडला नाही. आजारी लेकराच्या नावाने आईकडून सही घेतात याचा मला फार राग येतो.

नंदूदादा, सरप्राइझ (शनिवार, सकाळी ६:३०)

वैशालीचं सगळं मान्य. पण वाचून कोणी सॉफ्टनरच नको असं समजू नये. १४ वर्षं वापरतोय. आमच्या बार्शीला बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही. आई सोडा टाकायची, तरी दाणा दाणा वेगळा. बंबाच्या आत बोटभर जाड थर धरायचा आणि दिवाळीआधी वडील तो छिन्नीने फोडायचे. इथे आलो आणि पहिल्या घरात तीच डाळ, त्याच सहा शिट्ट्या. सॉफ्टनर लावला त्या दिवशी वरण तीन शिट्ट्यांत लोण्यासारखं झालं. जुना हीटर काढला तेव्हा खालून दोन बादल्या पांढरी खडी निघाली होती.

मी दुकानातून ७०० ला मशीन आणलं, प्लंबरने ३५० घेतले. त्यानंतर महिन्याला ४० पौंडांची मिठाची एक पिशवी, बस्स. मृणाल, तुमच्या गॅरेजमध्ये 'लूप' आहे का बघ. इथल्या बऱ्याच नव्या घरांत बांधतानाच सॉफ्टनरसाठी पाइप काढून ठेवलेले असतात. असेल तर बसवायला दोन तासही लागत नाहीत.

प्रसाद, मेसा (७:४५)

माझा भाचा हेच काम करतो. मंडळाच्या लोकांना सूट देईल. हवं असेल तर नंबर टाकतो.

रेखा, मंडळाच्या ईमेल-यादीची संयोजक (८:०५)

प्रसाद, नंबर यादीवर नको. दिवाळी अंकाच्या जाहिरातींच्या वेळी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. व्यवसायासाठी वेगळं पान केलंय, तिथे टाका. माहिती समितीनेही एकदा पाण्यावर बैठक घ्यायची होती, ती राहिली. तशी ती समितीचीच जबाबदारी आहे, पण मृणालची अडचण तातडीची आहे म्हणून चालू द्या.

प्रसाद (८:१२)

विकायला नव्हतो सांगत. नऊ हजार भरण्यापेक्षा ओळखीतला बरा, एवढंच मनात होतं.

मृणाल (९:१०)

आले होते. दोन जण, ट्रकमध्ये टाक्या. मी जाळीचं दार उघडलं नाही. एकाने साहेबाला फोन लावून माझ्या हातात दिला. साहेब आधी म्हणाला, रद्द होत नाही. मग ६,९०० वर आला. मग म्हणाला, "मुलीला काही झालं तर तुमची जबाबदारी." माझे हात थरथरत होते. आई मागे उभी होती, तिने वैशालीताईंची ईमेल छापून हातात धरली होती.

आता अडचण अशी: करारासोबत रद्द करायचा फॉर्म दोन प्रतींत असायला हवा, तो माझ्याकडे नाहीच. टॅबवर सही झाली होती. ईमेल केली तर चालेल?

केदार (९:२४)

ईमेलचा पुरावा राहतोच की. आजकाल सगळं त्यावरच चालतं.

सुहासकाका (९:४०)

ईमेल कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. साध्या कागदावर लिही: अमुक तारखेला केलेला सौदा मी रद्द करत आहे. तारीख, करार क्रमांक, सही. पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठव. सोमवारी मध्यरात्रीच्या आतला शिक्का लागतो, पत्र त्यांच्या हातात कधी पडतं याला महत्त्व नाही. कागदाचा फोटो काढून ठेव. फॉर्म द्यायचं काम त्यांचं होतं, तो दिला नाही ही त्यांची चूक. दिलेले पैसे त्यांनी १० कामकाजाच्या दिवसांत परत करायचे असतात. कर्ज दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यांनाही प्रत पाठव, नाहीतर १२९ चा हप्ता सुरू होईल.

अपर्णा, क्वीन क्रीक (१०:३०)

वैशाली, आमच्याकडे विहीर आहे. शहराचा अहवाल आम्हाला लागू नाही, मग काय करायचं?

वैशाली (दुपारी १:१५)

अपर्णा, तुमचं प्रकरण वेगळं. खासगी विहिरीचं पाणी सरकार तपासत नाही, ते मालकाने बघायचं. ॲरिझोनाच्या जमिनीत आर्सेनिक नैसर्गिकरीत्या सापडतं. शहरांना २००६ पासून लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, तुमच्या विहिरीला ती कोणी लावत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आर्सेनिक, नायट्रेट आणि जंतू तपासून घे. विकणाऱ्याच्या नव्हे, प्रयोगशाळेच्या बाटलीत. त्यात काही निघालं तर जास्त खर्च करावा लागला तरी कर, तिथे मी अडवणार नाही.

मृणाल, सॉफ्टनर अधूनमधून मिठाच्या पाण्याने स्वतःला धुतो. घेशील तेव्हा वापरलेलं पाणी मोजून धुणारा मीटरवाला घे, टायमरवाला नको. टायमरवाला पाणी वापरलं नाही तरी ठरल्या दिवशी मीठ ओततो. ते सगळं गटारात जातं, आणि आपलं सांडपाणी शुद्ध करून पालो व्हर्दे अणुवीजकेंद्र थंड करायला वापरतात. जास्तीचं मीठ तिथेही त्रास देतं. चार माणसं, माणशी ७५ गॅलन, १५ ग्रेन म्हणजे रोज ४,५०० ग्रेन. ३२,००० ग्रेन क्षमतेचं मशीन एका धुण्यात आठवडाभर पुरतं. आई-बाबा सहा महिने राहणार असतील तर ४८,००० चं बघ. पाकिटावर एनएसएफ ४४ (अशा यंत्रांचं प्रमाणपत्र) आहे ना ते तपास, आरओवर ५८. 'बिनमिठाचा सॉफ्टनर' म्हणून विकतात तो जडपणा काढत नाही, थर धरणं थोडं कमी करतो एवढंच.

नंदूदादा (२:००)

आणि बागेचा नळ लूपच्या बाहेर ठेवा. माझी कढीपत्त्याची झाडं पहिल्या उन्हाळ्यात जळली.

मृणाल (सोमवार, दुपारी ४:२०)

पत्र गेलं. सर्टिफाइड, ३:५२ चा शिक्का, पावती फ्रिजवर लावलीय. कर्जवाल्यांनाही दुसरं पाठवलं.

गॅरेजमध्ये बाबा आणि अमितने फळ्या हलवल्या. मागे भिंतीतून दोन तांब्याचे पाइप बाहेर आलेत, टोकांना जोडलेले. लूप आहे, नंदूदादा! बाबांनी टेपने मोजलं आणि वहीत लिहिलं. आरओ या शनिवारी, सॉफ्टनर पुढच्या महिन्यात. सान्वीच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतलीय.

आई विचारतेय, मंडळाचा मोठा कुकर कोणाकडे आहे? महाप्रसादाला वरण ती करणार म्हणते.

रेखा (४:३१)

कुकर केदारकडे आहे, संक्रांतीपासून. केदार, झाकणाची रिंग बदलायची होती, ती बदलली का?