तीन खुर्च्या फिरल्या म्हणजे शेती कळली का?

गोदाकाठ:
एका निवृत्त साहेबांची पोस्ट कालपासून गटागटांत फिरतेय. आधी पेपरात, मग सरकारच्या माहिती खात्यात, आता शेतीधोरणाच्या समितीवर. म्हणून म्हणे शेतकऱ्याचं दुखणं त्यांनाच नेमकं कळतं. पेपरात असताना दुष्काळ पाहिला तो मंत्र्याच्या ताफ्यातून. खात्यात गेल्यावर त्याच मंत्र्याच्या प्रेसनोटा काढल्या. आता समितीत बसून त्याच प्रेसनोटांचा अहवाल. बांधावर कधी उतरले?

निवृत्त_कारकून:
हा निव्वळ आकस. शेतकरी संघटनेचे शरद जोशी काय नांगर धरून जन्मले होते? टपाल सेवेत अधिकारी, मग स्वित्झर्लंडात बर्नला नोकरी, तिथून चाकणजवळ आंबेठाणला शेती. फाईल कुठं अडते हे ठाऊक असलेला माणूस आत लागतोच.

गोदाकाठ:
जोशींनी नोकरी सोडून कोरडवाहू जमीन घेतली, तोटा अंगावर घेतला, मग बोलले. तुमच्या साहेबांनी पेन्शन लागल्यावर समिती घेतली.

औसा_पट्टा:
समिती घाला चुलीत, ओलाव्याचं बोला. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892. सरकारी खरेदी केंद्रावर मीटर ओलावा 14 टक्के दाखवतंय, नियम 12 चा. परत न्या म्हणे. टेम्पोचं भाडं माझ्याच बोकांडी. शेवटी आडतीवर 4100 नं घातलं. नोव्हेंबरात मर्यादा 15 केली, पण दिवाळी कशावर केली असती? तोवर घरात सोयाबीनचा दाणा उरला नव्हता.

वसमतचा_हळदवाला:
वाळवून न्यायचं की. आम्ही हळद शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो, मग बाजार दाखवतो. रडत नाही.

औसा_पट्टा:
तुमची हळद उन्हात निघते दादा. आमच्या काढणीला परतीचा पाऊस डोक्यावर. कुठं वाळवू, तुमच्या गच्चीवर?

वसमतचा_हळदवाला:
तोंड सांभाळून. माझा मेहुणा खरेदी केंद्रावर असतो. ओला माल घेतला की थप्पीला बुरशी, आणि वजनातली घट संस्थेच्या गळ्यात. शिव्या मात्र मापाड्याला.

औसा_पट्टा:
बरं, मेहुण्याचं दुखणं खरं. पण माझंही मीटर खोटं नव्हतं.

निवृत्त_कारकून:
बघा! 12 चे 15 झाले ते आतल्या कुणीतरी टिपणी लिहिली म्हणूनच ना?

गोदाकाठ:
विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं म्हणून झाले. आणि बाहेरचं तेल स्वस्त झालं की सोयाबीनचा भाव दबतो; मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं, तेव्हा तुमच्या साहेबांची लेखणी कुठं होती?

निवृत्त_कारकून:
तेव्हा लिहायला पाहिजे होतं, एवढं देतो. तुम्हीच जा समितीवर. भत्त्याचा फॉर्म भरायला माझ्यासारखाच कुणीतरी लागेल.

औसा_पट्टा:
भत्ता ठेवा तिकडं. ओलावा मोजायचं मीटर कुणी घरी घेतलंय का? केवढ्याला पडलं? आणि त्याचा आकडा केंद्रावाले मानतात का, ते आधी सांगा.