सोसायटी ग्रुप : रात्री पावणेतीनचा भोंगा

५०१ : रात्री पावणेतीनला परत फायर अलार्म. महिन्यात तिसऱ्यांदा. सेक्रेटरी साहेब, जागे आहात ना?

सेक्रेटरी : जागाच आहे. पॅनेलवर तिसऱ्या मजल्याचा डिटेक्टर दाखवत होता. वर जाऊन पाहिलं, धूर नाही. रीसेट केलंय.

५०१ : रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे. तिसऱ्या मजल्याचा डिटेक्टर कोण साफ करणार?

२०४ : खाली उतरलो कोण? मी, आई आणि वॉचमन. खरी आग लागली तर सोसायटीत आम्हीच तिघं उरणार 😄

६०२ : म्हणूनच मीटिंगमध्ये ओरडत होतो. एसी, फायर, सीसीटीव्ही, सगळं एकाच मल्टिनॅशनल कंपनीला द्या. एक एएमसी (वर्षाचा देखभाल करार), एक फोन. पण आमचं ऐकतो कोण.

१०३ : ६०२, रागावू नका, या धंद्यात माझे केस पांढरे झालेत. कॅरियरचं बघा. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणली, तिथून एसीत नाव झालं. पुढे फायर आणि सिक्युरिटीही त्याच घरात आली. २०२४ मध्ये सिक्युरिटी हनीवेलला विकली, फायरचाही मोठा भाग विकला. तुम्ही ज्या एका छताबद्दल बोलताय ते असं विकलं जातं.

६०२ : मग जॉन्सन कंट्रोल्स? २०१६ मध्ये फायर-सिक्युरिटीवाली टायको त्यांच्यात आली की.

१०३ : आली. आणि २०२५ मध्ये घरगुती एसीचा धंदा बॉशकडे गेला.

५०१ : तिसऱ्या मजल्याचा डिटेक्टर कोण साफ करणार?

४०१ : त्याआधी जिन्यातल्या सायकली कोण हलवणार? नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

४०३ : ताई, सायकल एकच आहे. आणि तुमच्या चपलांचं कपाट?

सेक्रेटरी : विषयावर या, प्लीज.

६०२ : अलार्म वाजला की लिफ्ट खाली यायला हवी, मॅग्नेटिक कुलुपं सुटायला हवीत, एएचयू (एसीची हवा फिरवणारं युनिट) बंद व्हायला हवा. तीन कंपन्या एकमेकांशी बोलणार कशा?

१०३ : रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या साध्या स्विचने, बोलतात हो. पॅनेल नुसता इशारा देतं, लिफ्ट कोणाची का असेना. उलट अ‍ॅड्रेसेबल पॅनेल, म्हणजे नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते सांगणारं, एकाचं घेतलंत की डिटेक्टरही बहुतेक त्याचेच घ्यावे लागतात. मग पुढची दहा वर्षं तो सांगेल तो भाव.

२०४ : लग्नच झालं म्हणायचं 😂

३०२ : एक सांगू का, रागावू नका. आमच्याकडे टाइल्स कापायचं काम चालू आहे. डिटेक्टरला प्लास्टिकची टोपी घालायची असते हे कॉन्ट्रॅक्टर आज सांगतोय.

१०३ : मग झालं की! आतला दिवा आणि सेन्सर समोरासमोर नसतात. धूर शिरला की उजेड विखरून सेन्सरवर पडतो. बारीक धुळीनेही तेच होतं. बिचारा इमानदारीत ओरडत होता.

४०१ : काम झालं की टोपी काढायचीही आठवण ठेवा म्हणजे मिळवलं.

५०१ : महिनाभर!!

३०२ : सॉरी दादा, खरंच लक्षात आलं नाही.

६०२ : साफसफाईचं बिल ३०२ च्या मेंटेनन्समध्ये लावा. आणि माझा मुद्दा अजून तसाच आहे.

सेक्रेटरी : ते मीटिंगमध्ये बघू. उद्या सर्व्हिसचा माणूस येतोय.

५०१ : उद्या म्हणजे किती वाजता?