आऊटबोर्डच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय, आधी काय खोलू?

प्रश्न: उजनीच्या पाण्यावर मासेमारीची बोट आहे, मागे लावलेलं इंजिन (आऊटबोर्ड) 4-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढतंय, पातळ झालंय, पेट्रोलचा वास मारतोय.

उजनीकर: दादा, आधी इंजिन चालवणं थांबवा, पातळ ऑइलनं बेअरिंगं जातात. पहिला संशय फ्युएल पंपाच्या डायफ्रामवर, म्हणजे आतल्या लवचिक पडद्यावर. बॅटरीची वायर काढा, पंपाचे बोल्ट सोडवून तो बाहेर घ्या. टाकीकडची नळी जोडलेलीच ठेवा, कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करा आणि नळीतला हातानं पेट्रोल ढकलायचा रबरी बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा. इंजिनला टेकणाऱ्या बाजूनं पेट्रोल पाझरलं, की डायफ्राम फाटलाच. हे सगळं मोकळ्या हवेत, बिडी-सिगारेट लांब ठेवून.

भीमाकाठ: पंप कोरडा निघाला तर फ्लोटची सुई बघा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई. टोकाला गोल चरा पडला असेल तर ती नीट बसत नाही, कार्ब्युरेटर ओसंडतो. थर्मोस्टॅटही (इंजिन गार करणाऱ्या पाण्याची झडप) काढून बघा. गार असताना तो बंदच दिसला पाहिजे. उघडा अडकला तर इंजिन तापत नाही, आणि जाळी टाकताना तासन्‌तास मंद चालवलं की न जळालेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये उतरतं.

उजनीकर: बरोबर. ऑइल आणि फिल्टर मात्र दोष काढल्यावरच बदला. पातळी बघताना इंजिन सरळ उभं हवं, तिरकं असलं तर डिपस्टिक फसवते.