मदत हवी आहे: बालगृहातल्या मुलीच्या बाजूने बोलायला कोण मिळेल?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मी रविवारी एका बालगृहात गणित शिकवायला जाते. तिथली एक मुलगी (नाव-गाव मुद्दाम टाकत नाहीये) लवकरच 18 ची होईल, बारावीचं वर्ष आहे, धाकटा भाऊ इथेच मुलांच्या बालगृहात आहे आणि आता तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं चाललंय. तिला जायचं नाहीये पण तिला कोणी धड विचारलेलंच नाही हो!

2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असं स्पष्ट तत्त्व आहे. अधीक्षक मॅडम चांगल्या आहेत, पण त्या संस्थेच्याच ना, त्यांच्यासमोर पोरगी तोंडच उघडत नाही. मला फक्त तिचं म्हणणं मांडणारा बाहेरचा माणूस हवाय, तिच्यासाठी काय चांगलं हे परत परत ठरवणारे खूप आहेत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना फुकट वकील मिळतो हे माहितीये, पण बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) असा वकील कोणी नेलाय का? अर्ज तिनेच करायचा की मी केला तरी चालतो? समितीला तिच्याशी एकटीशी बोला असं लेखी सांगता येतं का? आणि 18 नंतर 21 पर्यंत अनुरक्षणगृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांच्या राहण्याची सोय) राहता येतं, त्याची तयारी आत्तापासूनच करावी लागते का? इथे कोणी समितीवर काम केलेलं असेल किंवा स्वतः बालगृहात वाढलेलं असेल तर प्लीज सांगा, तुमचा अनुभव मला सगळ्यात जास्त हवाय.