काउबॉय बीबॉपचे अल्बम: ही सीडी वहीत लिहू का?

नौपाडेकर: ‘काउबॉय बीबॉप’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेला योको कानोने दिलेल्या संगीताची नोंदवही करतोय. शाईच्या पेनाने, हसू नका. पहिला अल्बम, व्हिटॅमिनलेस आणि नो डिस्क हे तिन्ही १९९८चे, ब्लू १९९९चा, चित्रपटाचा फ्यूचर ब्लूज २००१चा. इथवर ठीक. अडलंय ते वाशीत रद्दीवाल्याकडे मिळालेल्या पहिल्या अल्बमच्या सीडीवर. कव्हर पुसट, डबीच्या कडेला क्रमांकच नाही.

ऐरोलीची कॅसेट: सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरं कोरलेली असतात; जपानी व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या प्रतीवर ‘व्हीआयसीएल’ने सुरू होणारा क्रमांक हवा. खालची बाजू निळसर-हिरवट दिसली तर कुणीतरी घरी बर्न केलेली. आणि हो, ‘द रिअल फोक ब्लूज’ हे गाणं पहिल्या अल्बमखाली लिहू नका, ते व्हिटॅमिनलेसवर आहे. मी तीच चूक केली होती.

कळवा स्लो लोकल: गाण्यांची नावं लिहिताना कालावधीही टाका. नकली प्रतींत गाणी कधीकधी मध्येच तुटतात.

नौपाडेकर: निळीच निघाली हो! चाळीस रुपये पाण्यात. ‘टँक!’ हे गाणं मात्र झकास वाजतंय, शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली. वहीत पेन्सिलने लिहितो.