मुंबईत 2000 नंतर बांधलेल्या झोपडीला नळ द्यावा का?

आडनळ: डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं: झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येत नाही. 2022 मध्ये महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आलं. तरीही वस्त्यांच्या टोकाला कॅनच्या रांगा आहेतच. माझं मत सरळ आहे, मागेल त्याला नळ.

पाणखात्या: त्याच निकालात हेही आहे की कायदेशीर रहिवाशांइतकंच पाणी द्या असं नाही, दरही जास्त लावता येतो. ते सोडा, हिशोब बघा. झोपडपट्टीसाठी माणशी रोज 45 लिटर धरतात. पाच घरांची सामाईक जोडणी म्हणजे 25 माणसं, 1,125 लिटर. घरटी 225, म्हणजे 200 लिटरचा ड्रम भरून वर दोन कळश्या. अर्ध्या इंची पाइपातून, दाब बरा असेल तर, यालाच दीडेक तास लागतो. गल्लीच्या टोकाला दाब नसतो, मग एकजण मोटर लावतो, शेजाऱ्याचा नळ कोरडा, की तोही लावतो. मोटर ओढते तेव्हा पाइपात पोकळी होते आणि गंजलेल्या जोडातून गटार आत येतं. पाणी येतं तेव्हा पहिली बादली काळी असते ती त्यामुळे. आधी मुख्य वाहिनी मोठी करा, मग नळ वाटा.

आडनळ: पण पाइप गटारात पडलाय कशामुळे? अधिकृत जोडणी नाही म्हणून रबरी नळी तारेने आवळून जमेल तिथून आणलेली असते. पाणी तर आजही जातंय, फक्त मोजलं जात नाही. पाइप भिंतीला फूटभर उंचीवर क्लॅम्पने बांधा, गटार वरून ओलांडा, मीटर गल्लीच्या तोंडाशी बसवा. मोटर हवीच असेल तर जमिनीखाली सामाईक टाकी करा. लाइनचं पाणी आपल्या दाबाने टाकीत उतरेल, मोटर टाकीतून ओढेल. लाइनला हात नाही.

चौकोनी: तिथे चालायला वाट अडीच फुटांची, टाकी खणणार कुठे? आणि नळ आला की वस्ती कायम, मतं पक्की.

आडनळ: पुनर्वसनाच्या तारखा सरकारने ठरवल्यात: 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीला फुकट घर, 2011 पर्यंतच्या झोपडीला सशुल्क. पाणीबिलाने त्या सरकत नाहीत. टाकीच्या जागेचं मात्र मान्य, तिथे गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ.

पाणखात्या: आणि सामाईक जोडणीतल्या एका घराने बिल थकवलं तर? नळ पाचही घरांचा तुटतो. त्यातलं एक घर भाड्याचं असलं की भांडण ठरलेलं.